दोन्ही डोळे जागच्या जागी थिजलेत, एमआरआय नॉर्मल: मायस्थेनिया की मिलर फिशर?

तिरळी_रेघ

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून आलेल्यांत असा रुग्ण अधूनमधून निघतो, म्हणून तपशीलवार विचारतो.

वय पंचेचाळिशीचं. मधुमेह नाही, दारू नाही. दहा दिवसांपूर्वी ताप आणि तीन दिवस जुलाब, मग बरं वाटलं. परवा सकाळपासून एकाचे दोन दिसतात, कालपासून चालताना झोकांड्या जातात. दुखत काहीच नाही. दृष्टी दोन्ही डोळ्यांची ६/९. डोळे वर अजिबात जात नाहीत, बाहेरच्या बाजूला दोन्ही अडतात, खाली थोडे उतरतात. पापण्या अर्ध्या झुकलेल्या. बाहुल्या साधारण ५ मिमी, उजेडाला मंद. मेंदूचा एमआरआय नॉर्मल.

फॅमिली डॉक्टर मायस्थेनिया (नसेचा संदेश स्नायूपर्यंत नीट न पोचण्याचा आजार) समजून त्यावरचं औषध पायरिडोस्टिग्मिन सुरू करू म्हणताहेत. घरच्यांनी पुण्यातल्या जीबीएसच्या (गिलेन बारे सिंड्रोम, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते तो आजार) बातम्या वाचल्यात, ते आयव्हीआयजीचं (रक्तदात्यांकडून मिळवलेल्या अँटिबॉडी, म्हणजे प्रतिद्रव्यं, शिरेतून देण्याचं औषध) विचारताहेत.

माझे प्रश्न: मायस्थेनिया आणि मिलर फिशर (जीबीएसचाच एक प्रकार) यांत फरक ओपीडीतल्या खुर्चीवर कसा करायचा? रक्ताच्या आणि पाठीतल्या पाण्याच्या तपासण्या कोणत्या, कधी? आयव्हीआयजी लागतंच का? आणि डोळे सुटेपर्यंत चष्म्याच्या बाजूने काय करता येईल?

---

हातोडीवाला

तुमच्या वर्णनात एक गोष्ट राहिली, आणि निम्मं निदान तिच्यातच आहे: गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली का?

मिलर फिशरमध्ये तीन गोष्टी एकत्र येतात. डोळ्यांची हालचाल थांबते, तोल जातो आणि हातापायांचे रिफ्लेक्स (हातोडी मारल्यावर आपोआप येणारा झटका) नाहीसे होतात. हातापायांतली ताकद मात्र बहुधा शाबूत असते. मायस्थेनियात रिफ्लेक्स व्यवस्थित येतात आणि तोल जात नाही.

रिफ्लेक्स ‘नाही’ असं लिहिण्याआधी नीट काढायचा. पाय लोंबते ठेवून बसवा, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ‘ओढा’ म्हणा आणि त्याच क्षणी गुडघ्याच्या वाटीखाली मारा. टाचेचा रिफ्लेक्स खाटेवर निजवून बऱ्याचदा नीट येत नाही. खुर्चीवर गुडघे टेकवून, पावलं मागे लोंबती ठेवून मारलं की स्पष्ट कळतं. गुडघा, टाच, कोपर, मनगट, सगळीकडे शांतता असेल तर मायस्थेनियाचा विषय संपला. थोड्या रुग्णांत रिफ्लेक्स टिकून राहतात, त्यामुळे ते आले म्हणून मिलर फिशर लगेच खोडू नका.

तोल तपासताना एक चूक सर्रास होते. एकाचे दोन दिसणारा माणूस कुठल्याही कारणाने झोकांडतोच, बोट नाकाला लावायला सांगितलं तर हवेत मारतो. म्हणून आधी एक डोळा झाका, मग चालवा. एक डोळा झाकूनही पाय फाकवून चालत असेल, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावून सरळ रेषेत चालता येत नसेल, तर तोलाचा दोष खरा.

बाकी, मिलर आणि फिशर ही दोन माणसं नव्हेत. चार्ल्स मिलर फिशर हे एकच कॅनेडियन न्यूरॉलॉजिस्ट. त्यांनी १९५६ साली असे तीन रुग्ण प्रसिद्ध केले. आजार जीबीएसच्याच कुटुंबातला. युरोप-अमेरिकेत जीबीएसच्या शंभरात पाचेक रुग्ण या प्रकारचे, जपानमध्ये मात्र चौथा-पाचवा हिस्सा.

---

बाहुली_आणि_पडदा

हातोडीवाल्यांशी सहमत, पण तुमच्या नोंदीत उत्तराचा एक तुकडा आधीच आहे: बाहुली. मायस्थेनियात बाहुली मंद होत नाही, कारण बिघाड डोळ्याच्या बाहेरच्या स्नायूंच्या नसेशी असलेल्या जोडावर असतो आणि बाहुलीचे स्नायू वेगळ्या जातीचे. मिलर फिशरमध्ये बऱ्याच जणांची बाहुलीही मंद होते.

आता बाहुली मंद करणाऱ्या किंवा डोळे थांबवणाऱ्या आणखी दोन-तीन गोष्टी डोक्यात ठेवा. बॉट्युलिझममध्ये (बहुधा दूषित अन्नातल्या जंतूच्या विषाने होणारा आजार) तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, आवाज बसतो, अशक्तपणा वरून खाली उतरत जातो आणि तोलाचा दोष नसतो. घटसर्पात आधी घसा, मग टाळू ढिला पडून पाणी नाकातून येतं, जवळचं वाचता येत नाही. लस अर्धवट घेतलेल्यांत हे आजही दिसतं. तिसरा खास आपल्याकडचा: मण्यार. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखून उठतो, काही तासांत पापण्या उतरतात, चावल्याची खूण बहुधा सापडत नाही. तुमच्या रुग्णाची गती दिवसांची आहे, त्यामुळे मण्यार नव्हे. पण असा रुग्ण दारात आला की ‘आज झोपेतून उठला तेव्हाच पापण्या पडल्या होत्या का?’ हा पहिला प्रश्न.

खुर्चीवर करायच्या तपासण्या अशा. आधी एक-एक डोळा झाकून बघा. एक डोळा झाकूनही दोन दिसत असतील तर दोष मोतीबिंदू, नंबर किंवा पडद्याचा, नसांचा नाही. मग समोर वर धरलेल्या बोटाकडे पूर्ण एक मिनिट बघायला सांगा. मायस्थेनियात पापणी हळूहळू घसरत जाते. पुढे १५ सेकंद खाली बघायला लावून एकदम सरळ बघा म्हणा: पापणी आधी झटक्याने जास्त वर जाऊन मग खाली स्थिरावली तर मायस्थेनियाकडे बोट जातं.

बर्फाची तपासणी ओपीडीत सोपी आहे, पण मोजमापाशिवाय करू नका. तपासणीच्या हातमोज्यात बर्फाचा चुरा भरा, पातळ कापडात गुंडाळा, बंद पापणीवर दोन मिनिटं ठेवा. आधी आणि नंतर बाहुलीवरच्या उजेडाच्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. २ मिमी किंवा जास्त वाढलं तर तपासणी सकारात्मक. बर्फ काढल्या काढल्या १० सेकंदांच्या आत मोजायचं. आणि डोळा मिटल्याने मिळालेल्या विश्रांतीनेही पापणी थोडी सुधारते, म्हणून वेगळ्या वेळी बर्फाशिवाय दोन मिनिटं डोळा मिटवून तेच मोजा आणि फरक पाहा.

एक सूचना: दोन्ही डोळे सारखेच थिजले असतील तर काही जण ‘दोन दिसतात’ असं म्हणतच नाहीत. ‘धूसर दिसतं, गरगरतं’ एवढंच सांगतात आणि डोळ्याऐवजी डोकं फिरवून बघतात. नंबर बदलून देणाऱ्याच्या हातून हेच निसटतं.

आणि पायरिडोस्टिग्मिनबद्दल: मिलर फिशरला त्याचा काहीही उपयोग नाही. फायदा होतो का बघण्यात आठवडा वाया जातो.

---

सलाईन_स्टँड

तपासण्या कधी करायच्या यात घोटाळा होतो, म्हणून क्रमाने सांगतो. आयव्हीआयजी द्यायचं ठरलं तर त्याच्या आधी सगळे नमुने काढून घ्या. अँटी-जीक्यू१बी हे प्रतिद्रव्य दहापैकी साधारण नऊ रुग्णांत सापडतं. त्याची पातळी आजाराच्या सुरुवातीला सर्वांत वर असते आणि भराभर खाली येते. नमुना आठवडाभर लांबवला किंवा दुसऱ्याच्या प्रतिद्रव्यांनी भरलेल्या बाटल्या चढवल्यावर काढला, तर नकारात्मक अहवालाला अर्थ उरत नाही. अहवाल यायला दिवस लागतात, उपचाराचा निर्णय त्यावर लटकवू नका. हाच अहवाल बिकरस्टाफ ब्रेनस्टेम एन्सेफलायटिसमध्येही (ब्रेनस्टेमला, म्हणजे मेंदूच्या देठाला, येणारी सूज) सकारात्मक येऊ शकतो. तिथे डोळे आणि तोल दोन्ही जातात, पण रुग्ण गुंगीत असतो आणि रिफ्लेक्स उलट वाढलेले असू शकतात.

पाठीतलं पाणी पहिल्या आठवड्यात नॉर्मल येऊ शकतं. प्रथिनं वाढलेली पण पेशी जवळजवळ नाहीत हे चित्र बहुधा दुसऱ्या आठवड्यात दिसतं. पेशी ५०च्या वर गेल्या तर वेगळं निदान शोधा. हेही आयव्हीआयजीच्या आधीच, कारण आयव्हीआयजीमुळे स्वतःच मेंदूच्या आवरणाला जंतूविरहित सूज येऊन पेशी वाढतात आणि मग वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

एनसीव्हीत (नसांतून संदेश कसा जातो त्याची तपासणी) हातापायाच्या संवेदनेच्या नसांचे सिग्नल कमी झालेले दिसू शकतात, पण सुरुवातीला तेही नॉर्मल असतात. एमआरआय नॉर्मल आला हे ठीकच, पण तो ब्रेनस्टेमच्या बारीक कापांसह आणि डाय देऊन होता का, हे फिल्मच्या कोपऱ्यात वाचा. ब्रेनस्टेमसाठी साधा सीटी जवळजवळ निरुपयोगी. आणि दारू नसली तरी खूप उलट्या झालेली गरोदर बाई, जठराची शस्त्रक्रिया झालेला माणूस, आठवडे उपाशी राहिलेला रुग्ण असेल, तर डोळे आणि तोल जाण्याचं कारण थायमिनची (जीवनसत्त्व बी-१) कमतरता असू शकते. तिथे अहवालाची वाट न बघता थायमिन शिरेतून, ग्लुकोजच्या आधी.

पुण्याच्या बातमीबद्दल थोडं. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी सापडला. याच जंतूच्या बाहेरच्या आवरणातली साखरेची साखळी डोळा हलवणाऱ्या नसांवरच्या जीक्यू१बी या घटकाशी मिळतीजुळती. शरीर जंतूविरुद्ध प्रतिद्रव्य बनवतं, ते नसांवर जाऊन चिकटतं. तिसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या नसेवर जीक्यू१बी दाट असतं, म्हणून आधी डोळे थांबतात. स्नायूंतून लांबी-ताणाची खबर मेंदूला देणाऱ्या तंतूंवरही ते असतं, तोल जाणं आणि रिफ्लेक्स थांबणं त्यातूनच येतं असं मानतात. जुलाबांनंतर आठ-दहा दिवसांचं अंतर तुमच्या रुग्णाला तंतोतंत बसतं. पण आता शौचाची तपासणी करून जंतू मिळेल याची खात्री नाही, आणि मिळाला तरी अँटिबायोटिकने नस लवकर सुधारत नाही. मायस्थेनियाची शंका अजून जिवंत असेल तर अझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, जेंटामायसिन ही नावं टाळा, जोडावरचा संदेश ती आणखी कमकुवत करतात.

---

हातोडीवाला

आयव्हीआयजीचं उत्तर इथे बऱ्याच जणांना आवडणार नाही. शुद्ध मिलर फिशरमध्ये, म्हणजे हातापायांची ताकद, गिळणं आणि श्वास ठणठणीत असेल तर, बहुतेकांना लागत नाही. आजार आपोआप उतरतो: तोल साधारण महिन्याभरात, डोळे साधारण तीन महिन्यांत, आणि सहा महिन्यांपर्यंत बहुतेक जण पूर्ववत. जुन्या रुग्णनोंदी तपासून केलेल्या अभ्यासांत आयव्हीआयजीने सुधारणा किंचित लवकर सुरू झाली, पण शेवटी दोन्ही गट एकाच जागी पोचले.

---

सलाईन_स्टँड

@हातोडीवाला, ‘लागत नाही’ हे वाक्य नातेवाईकांपर्यंत ‘घरी जा’ म्हणून पोचतं, तिथे मला अडचण आहे. काही रुग्ण पहिल्या आठवड्यातच पूर्ण जीबीएसकडे सरकतात. पहिले काही दिवस दाखल ठेवून बघणं वेगळं आणि औषध न देणं वेगळं.

ताकद घटू लागली, गिळताना ठसका लागला, श्वास उथळ झाला, चेहरा दोन्ही बाजूंनी सैल पडला किंवा गुंगी आली, की आयव्हीआयजी किंवा प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला द्रव भाग काढून बदलणं). दोन्हींत एकच. आयव्हीआयजीनंतर लगेच एक्स्चेंज केलं तर महागडं औषधच बाहेर काढून टाकलं जातं.

हिशेब सांगतो, कारण बाटल्या मोजताना चुका होतात. मात्रा ०.४ ग्रॅम प्रति किलो रोज, पाच दिवस, एकूण २ ग्रॅम प्रति किलो. ६० किलोच्या माणसाला रोज २४, एकूण १२० ग्रॅम. ५ ग्रॅमच्या, ५% द्रावणाच्या १०० मिलिच्या बाटल्या असतील तर २४ बाटल्या: चार दिवस रोज पाच, पाचव्या दिवशी चार. उरलेलं अर्धं औषध उद्यावर ठेवायची वेळ येत नाही. वजन काट्यावर घ्या, नातेवाईकांनी सांगितलेलं नको. सुरुवात ताशी ०.५ मिलि प्रति किलो, म्हणजे ६० किलोला ताशी ३० मिलि, पहिला अर्धा तास. काही त्रास नसेल तर त्या बाटलीच्या पत्रकाप्रमाणे वाढवत न्या. पहिल्या तासात दर १५ मिनिटांनी नाडी, बीपी, ताप. बाटलीवरचं स्टिकर केसपेपरवर चिकटवा.

सुरू करण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) पाहा आणि पाणी भरपूर द्या. मूत्रपिंडावर ताण आणि रक्ताच्या गाठी हे दोन धोके खरे आहेत. डोकं दुखलं की आधी वेग कमी करायचा. नंतरच्या काही महिन्यांत ईएसआर (शरीरातल्या सुजेची रक्ततपासणी) वाढलेला येतो, काविळीची प्रतिद्रव्यंही उसनी असल्याने सकारात्मक दिसतात. घाबरू नये. गोवर-रुबेलासारख्या जिवंत लसी मात्र कित्येक महिने पुढे ढकलाव्या लागतात.

स्टिरॉइड देऊ नका. या कुटुंबातल्या आजारांत त्याचा फायदा सिद्ध नाही, आणि तोंडाने दिलेल्या स्टिरॉइडने नुकसान झाल्याचं दिसलं आहे. बी-१२ची लाल इंजेक्शनं दिली तर वाईट होत नाही, पण नस त्याने सुटत नाही.

---

वॉर्ड_रात्रपाळी

दाखल असताना काय बघायचं, एवढंच लिहिते.

ऑक्सिजनच्या आकड्यावर विसंबू नका. श्वासाचे स्नायू थकत असताना बोटावरचं यंत्र बराच वेळ ९८ दाखवत राहतं आणि शेवटी एकदम पडतं. त्याऐवजी दर दोन-चार तासांनी रुग्णाला खोल श्वास घेऊन एका दमात, सेकंदाला दोन या वेगाने आकडे मोजायला सांगा. वीसच्या आत थांबला किंवा सकाळपेक्षा दुपारी आकडा घसरला, तर डॉक्टरांना उठवा. उशीवरून डोकं उचलून धरता येतं का तेही बघा. मान सैल पडली की श्वासपटलाची वेळ जवळ आलेली असू शकते, दोन्हींच्या नसा शेजारच्या मणक्यांतून निघतात.

स्पायरोमीटर (एका दमात किती हवा सोडता येते ते मोजणारं यंत्र) असेल तर २० मिलि प्रति किलोच्या खाली आयसीयूची तयारी. पण चेहरा सैल असेल तर ओठांतून हवा गळते आणि आकडा खोटा कमी येतो. तोंडात नळी देण्याऐवजी मास्क लावून मोजा.

खाणं देताना पाण्याने सुरुवात करू नका, पातळ पदार्थच आधी चुकीच्या वाटेने जातात. दही, घट्ट पेज, मऊ खिचडी. ताठ बसवून, हनुवटी थोडी छातीकडे, जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं नाही. घास घेतल्यावर आवाज ओलसर, गुरगुरता झाला तर ठसका लागला नसला तरी थांबा.

---

तिरळी_रेघ

सगळ्यांचे आभार. हातोडी मारून घेतली. गुडघा, टाच, कोपर कुठेच काही येत नाही, ओढायला लावूनही. एक डोळा झाकूनही पाय फाकवूनच चालतात. ताकद पूर्ण, गिळणं ठीक, एका दमात ३८पर्यंत मोजलं. न्यूरॉलॉजीकडे पाठवलंय, जीक्यू१बीचा नमुना निघाला आहे. चष्म्याचं राहिलं. त्यांना प्रिझम (दोन प्रतिमा जुळवणारी चष्म्याची काच) मिळेल अशी आशा आहे.

---

बाहुली_आणि_पडदा

प्रिझम आत्ता नको. दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना अडलेत, त्यामुळे दोन प्रतिमांतलं अंतर नजरेच्या दिशेबरोबर बदलतं आणि सुधारणा सुरू झाली की आठवड्यागणिकही बदलत राहील. काचेत घडवलेला प्रिझम पंधरा दिवसांत चुकीचा ठरेल. तीनेक महिन्यांनी थोडा दोष शिल्लक राहिला आणि दोन भेटींत माप सारखं आलं, तर आधी काचेवर चिकटवायचा फ्रेनेल प्रिझम.

तोवर एका काचेच्या आतून अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावा, मायक्रोपोरही चालतो. काळ्या डोळापट्टीपेक्षा हे बरं, कारण त्या बाजूची हालचाल अंधूक तरी कळते आणि तोल आधीच नाजूक आहे. प्रौढांत कुठलाही डोळा झाका, ज्याने जास्त आरामात दिसेल तो उघडा ठेवा. लहान मूल असेल तरच आलटूनपालटून, नाहीतर झाकलेला डोळा आळशी होतो.

पापण्या वर चिकटवून ठेवण्याचा मोह टाळा. त्या उचलल्या की दोन प्रतिमा परत येतात आणि बुबुळ सुकतं. इथे एक गोष्ट बारकाईने बघा: साधारणपणे डोळा मिटताना तो वर वळतो आणि बुबुळ पापणीखाली लपतं. यांचे डोळे वर जातच नाहीत. चेहऱ्याची नस सैल पडून झोपेत पापणीची फट उरली तर बुबुळ थेट हवेत राहील. दिवसा प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले अश्रूथेंब दोन-दोन तासांनी, रात्री मलम, आणि फट असेल तर पापणी पट्टीने मिटवून. दर भेटीत फ्लुरोसिनची (बुबुळावरची जखम दाखवणारा रंग) पट्टी लावून निळ्या उजेडात खालचा तिसरा हिस्सा बघा, जखम तिथून सुरू होते.

---

तोलमोल

फिजिओथेरपीतून दोन ओळी. यांची ताकद शाबूत आहे, त्यामुळे स्नायू वाढवण्याचे व्यायाम आत्ता कामाचे नाहीत. पाय कुठे आहे हे मेंदूला कळत नाही, ही खरी अडचण. म्हणून उजेडात, जमिनीकडे बघत, वॉकर घेऊन चालणं. अंधारात पडतात, तेव्हा शौचालयाच्या वाटेवर रात्रभर दिवा. न्हाणीघरात भिंतीला खिळलेला दांडा, पाठ असलेली प्लास्टिकची खुर्ची, स्टूल नको. पाटावर बसून आंघोळ काही आठवडे बंद. मागे पट्टा असलेल्या चपला. एका डोळ्याने खोली कळत नाही, त्यामुळे प्रत्येक पायरीच्या कडेला रंगीत टेप लावली तर जिना उतरताना पाय चुकत नाही.

दुचाकी, काच झाकून एकच दिसत असलं तरी, डोळे आणि तोल दोन्ही तपासून डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. मागे बसूनही नको, वळणावर तोल सावरता येत नाही.